शिक्षेचे माप : दीर्घ कारावास कितपत न्याय्य, कितपत परिणामकारक?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या व्याख्यानमालेतील एक पुष्प गुंफण्याची संधी मला दिल्याबद्दल मी विश्वस्त मंडळाचा ऋणी आहे. मी कायद्याचा पदवीधर नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन वडिलांच्या कापड दुकानाच्या गादीवर बसलो, तो आजतागायत तेथेच आहे. तेव्हा गुन्हा आणि शिक्षा यांवर मी काय बोलणार, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु वृत्तपत्रात एखाद्या अमानुष गुन्ह्याची बातमी आली की आपल्या प्रत्येकाच्या पेढीवर, ओट्यावर आणि भोजनाच्या पंगतीत एकच वाक्य ऐकू येते : ‘असल्या माणसांना जन्मभर आत डांबले पाहिजे.’ अहिंसा हा परमधर्म मानणारे आपण हे वाक्य किती सहज उच्चारतो! त्यामागील संताप खोटा नसतो, हे मी जाणतो. तरीही ज्या वाक्याची किंमत दुसऱ्या कोणास वर्षानुवर्षे मोजावी लागते, ते एकदा तपासून पाहावे, एवढ्याच हेतूने मी हा विषय निवडला आहे.

प्रथम कायद्याची स्थिती थोडक्यात पाहू. ब्रिटिश अमदानीत गंभीर गुन्ह्यासाठी ‘काळे पाणी’ होते. गुन्हेगारास समुद्रापार पाठविले जाई. स्वातंत्र्यानंतर १९५५ च्या दुरुस्तीने ती शिक्षा जाऊन तिच्या जागी आजीवन कारावास आला. आपल्याकडे अनेकांची अशी समजूत आहे की जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे. ही समजूत चुकीची आहे. गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ सालीच स्पष्ट केले होते की जन्मठेप म्हणजे उर्वरित संपूर्ण आयुष्याचा कारावास. शासनाने शिक्षेत सूट दिली तरच सुटका. चौदा वर्षांचा आकडा आला तो १९७८ च्या दुरुस्तीने. ज्या गुन्ह्यास फाशीही होऊ शकते, अशा गुन्ह्यात जन्मठेप झालेल्या कैद्यास किमान चौदा वर्षे भोगल्याखेरीज सोडता येणार नाही, असे ती दुरुस्ती सांगते. म्हणजे चौदा वर्षे ही शिक्षेची कमाल मर्यादा नसून, सुटकेचा विचार सुरू करण्याची किमान मर्यादा आहे. पुढे २००८ साली स्वामी श्रद्धानंद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक मार्ग दाखविला. फाशीऐवजी ठरावीक दीर्घ मुदतीची किंवा मरेपर्यंतची, कोणतीही सूट नसलेली कैद उच्च आणि सर्वोच्च न्यायालयांना देता येऊ लागली, आणि २०१५ साली घटनापीठाने तिच्यावर शिक्कामोर्तब केले. सारांश, ‘आपल्याकडे जन्मठेपेचा कैदी चटकन सुटतो’ ही तक्रार कायद्याच्या पुस्तकाशी जुळत नाही. शिक्षेची लांबी गेल्या काही दशकांत वाढतच गेली आहे.

आता पहिला प्रश्न न्यायाचा. शिक्षा न्याय्य केव्हा म्हणावी? आमच्या धंद्यात गिऱ्हाईक मीटर मोजताना आमच्या हाताकडे पाहत असते. कापड कमी भरले तर ते फसले, आणि अधिक फाडले तर आम्ही बुडालो. शिक्षेचेही तसेच आहे. गुन्ह्यापेक्षा कमी शिक्षा हा पीडितावर अन्याय, आणि गुन्ह्यापेक्षा अधिक शिक्षा हा गुन्हेगारावर अन्याय. माप हातातून सुटले म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे.

कॅलिफोर्निया राज्याने १९९४ साली एक कायदा केला. पूर्वी दोन गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या व्यक्तीने तिसरा कोणताही मोठ्या वर्गातील गुन्हा केल्यास त्यास पंचवीस वर्षे ते आजन्म कैद द्यावी, असा तो कायदा होता. एका निर्घृण हत्येने लोकमत पेटलेले असताना तो संमत झाला. या कायद्याखाली अँड्रेड नावाच्या एका इसमास शिक्षा झाली. त्याच्या नावावर पूर्वीच्या घरफोड्या होत्या. नवा गुन्हा होता दोन दुकानांतून मिळून नऊ व्हिडिओ कॅसेट चोरल्याचा. एकूण माल सुमारे दीडशे डॉलरचा. शिक्षा झाली दोन वेळा पंचवीस, म्हणजे किमान पन्नास वर्षे. २००३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी ती कायम ठेवली. बंधूंनो, मी दुकानदार आहे. दुकानातून माल गेला की पोटात कसे कालवते, हे मला कोणी सांगावयास नको. तरीही नऊ कॅसेटसाठी पन्नास वर्षे हे माप माझ्या व्यापारी बुद्धीस पटत नाही. ते कॅलिफोर्नियाच्या मतदारांसही अखेर पटले नाही. २०१२ साली त्यांनीच मतदानाने तो कायदा सौम्य केला आणि तिसरा गुन्हाही गंभीर वा हिंसक असला पाहिजे अशी अट घातली.

याच्या शेजारी आपला नवा कायदा ठेवून पाहा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी असेल आणि चोरलेली वस्तू वा तिची किंमत परत केली असेल, तर सामुदायिक सेवेची शिक्षा सांगितली आहे. तुरुंगाशिवायही शिक्षा असू शकते, हे तत्त्व १९५८ च्या परिवीक्षा कायद्यापासून आपल्याकडे आहेच. नव्या संहितेने ते एक पाऊल पुढे नेले. माल परत मिळाला, चोराला लाज वाटली आणि त्याचे घरही उद्ध्वस्त झाले नाही, तर व्यापाऱ्यास यापेक्षा अधिक काय हवे?

दुसरा प्रश्न परिणामाचा. शिक्षा लांबविली की गुन्हे घटतात काय? इटलीतील विचारवंत बेकारिया यांनी १७६४ साली आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की मनुष्यास गुन्ह्यापासून परावृत्त करते ती शिक्षेची क्रूरता नव्हे, तर ती टळणार नाही ही खात्री. आणि ती लवकर मिळाली तरच गुन्हा व शिक्षा यांचा संबंध मनात पक्का होतो. हे तत्त्व मला पुस्तकाआधी उधारीच्या वहीने शिकविले. बाजारात दोन प्रकारचे व्यापारी असतात. एक वर्षभर गप्प बसतो आणि दिवाळीस एकदम कोर्टकचेरीची धमकी देतो. दुसरा तोंडातून कठोर शब्द काढत नाही, पण ठरलेल्या तारखेस त्याचा माणूस वसुलीस उभा राहतो. पैसे कोणाचे वेळेवर येतात, हे येथे बसलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे.

या म्हणण्यास अभ्यासाचाही आधार आहे. अमेरिकेत १९७३ ते २००९ या काळात राज्यांच्या आणि संघराज्याच्या तुरुंगांतील कैदी सुमारे दोन लाखांवरून पंधरा लाखांवर गेले. तेथील नॅशनल रिसर्च कौन्सिलने या वाढीचा विस्तृत अभ्यास करून २०१४ साली अहवाल प्रसिद्ध केला. दीर्घ शिक्षांची वाढीव जरब फारशी आढळत नाही. आणि वय वाढते तशी गुन्हा करण्याची प्रवृत्ती झपाट्याने ओसरत असल्यामुळे, अत्यंत धोकादायक व्यक्ती वगळता, लांबलचक कैद हा गुन्हे रोखण्याचा किफायतशीर मार्ग नव्हे, असा त्याचा निष्कर्ष होता. विसाव्या वर्षी हातात सुरा घेणारा तरुण पन्नाशीत तोच राहत नाही. मात्र तुरुंगातील त्याचे तिसावे वर्षही पहिल्या वर्षाइतकाच खर्च मागते, आणि तो खर्च आपल्या करांतून होतो.

आता आपल्या देशाकडे वळू, कारण आपला खरा प्रश्न वेगळाच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार ३१ डिसेंबर २०२२ रोजी भारतातील कारागृहांत ५,७३,२२० कैदी होते. जागा होती ४,३६,२६६ जणांची. त्या कैद्यांपैकी ४,३४,३०२ म्हणजे सुमारे ७६ टक्के हे कच्चे कैदी होते. त्यांचा खटला चालू होता किंवा सुरूही झालेला नव्हता. शिक्षा झालेली नव्हती. आपण येथे शिक्षा लांब असावी की आखूड याचा वाद घालत आहोत, आणि तिकडे तुरुंगातील चारांपैकी तिघांना शिक्षा सुनावलेलीच नाही! १९७९ साली हुसैनआरा खातून प्रकरणात बिहारमधील असे कच्चे कैदी उजेडात आले, ज्यांच्यावरील आरोप सिद्ध झाला असता तरी जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून अधिक काळ ते आत होते. जलद सुनावणी हा जीविताच्या मूलभूत अधिकाराचाच भाग आहे, असे तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत पहिल्यांदाच आरोपी झालेल्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला की त्यास जामिनावर सोडावे, अशी तरतूद आहे. मृत्युदंड वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांस, तसेच एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेल्यांस ती लागू नाही. तरतूद चांगली आहे. परंतु जामिनाची रक्कम भरण्यास ज्याच्या घरी कोणी नाही, त्यास कायद्याचे पुस्तक एकटे बाहेर काढू शकत नाही.

या विलंबाची झळ फिर्यादीलाही बसते. आमच्याच बाजारपेठेत अनेक वर्षांपूर्वी एका दुकानातून साड्यांचे गठ्ठे चोरीस गेले. फिर्याद झाली, पंचनामा झाला, चोर सापडला, माल जप्त झाला. खटला मात्र तारखांमागून तारखा खात राहिला. निकाल लागून मुद्देमाल परत मिळाला तेव्हा साड्यांना कसर लागली होती आणि घड्यांवर कापड विरले होते. पंचांपैकी एक गृहस्थ दिवंगत झाले होते. आरोपीच्या शिक्षेत आणखी पाच वर्षे घातली असती, तर त्या दुकानदाराचे काय भले झाले असते? त्यास हवा होता सहा महिन्यांत निकाल. त्या चोरालाही जरब बसली असती ती त्यानेच.

येथे एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. ‘चोरीचे ठीक आहे; पण ज्याच्या घरातील माणूस मारला गेला, ज्याच्या लेकीवर अत्याचार झाला, त्याच्यापुढे उभे राहून तुम्ही हे बोलाल काय?’ बंधू-भगिनींनो, काही गुन्हे असे असतात की त्यांस दीर्घ कारावासाखेरीज दुसरे माप नाही, हे मला मान्य आहे. समाजाचे रक्षण हेही अहिंसेचेच कार्य आहे. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीनेही अतिगंभीर अत्याचारासाठी उर्वरित आयुष्यभराची कैद सुचविली होती. परंतु त्याच समितीने जानेवारी २०१३ च्या अहवालात हेही बजावले की असलेल्या कायद्यांची प्रामाणिक आणि कार्यक्षम अंमलबजावणी झाली असती, तर तेच कायदे पुरेसे होते. तक्रार नोंदविण्यास नकार मिळतो, तपास ढिला राहतो, साक्षीदार फुटतात. या छिद्रांवर शिक्षेच्या लांबीचे ठिगळ बसत नाही.

आणि पीडिताचे म्हणाल, तर त्यास आपण शिक्षेच्या वर्षांव्यतिरिक्त काय देतो? २००८ च्या दुरुस्तीने पीडितांसाठी नुकसानभरपाईची योजना कायद्यात आली. महाराष्ट्रात अत्याचारग्रस्त महिला आणि बालकांसाठी २०१३ साली ‘मनोधैर्य’ योजना सुरू झाली. आपल्यापैकी किती जणांनी एखाद्या पीडित कुटुंबास तिचा अर्ज भरून दिला आहे? गुन्हेगाराची वर्षे मोजण्यात आपला जेवढा उत्साह असतो, त्याचा काही अंश पीडिताचे घर सावरण्याकडे वळला, तर ती अधिक खरी सहानुभूती ठरेल.

दीर्घ शिक्षा द्यावी लागली तरी तिच्या शेवटी एक दरवाजा असावा, असे मला वाटते. दरवाजा म्हणजे सुटकेची हमी नव्हे, विचाराची हमी. नॉर्वेचे उदाहरण बोलके आहे. तेथे बहुतेक गुन्ह्यांस कमाल मुदत २१ वर्षांची. २०११ साली ७७ निरपराध माणसांचे प्राण घेणाऱ्या ब्रेविकला २०१२ साली २१ वर्षांचा असा स्थानबद्धतेचा आदेश झाला की धोका कायम असल्यास तो पुन्हा पुन्हा वाढविता येतो. किमान दहा वर्षे झाल्यावर त्याने सुटकेचा अर्ज केला. न्यायालयाने २०२२ साली तो तपासून फेटाळला. दरवाजा होता, पण योग्य कारणाने तो बंद राहिला. ज्या शिक्षेत पुनर्विचारच नाही, त्या शिक्षेत कैद्यास सुधारण्याचे कारण उरत नाही आणि त्याच्यावर पहारा करणाऱ्यासही ते धोक्याचे असते.

कैद्यावर विश्वास टाकण्याचा प्रयोग आपल्या महाराष्ट्राच्या मातीत झालेला आहे, याचा आपणांस अभिमान वाटला पाहिजे. १९३९ साली औंध संस्थानात, राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या कारकिर्दीत, पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. उंच भिंती नाहीत, कोठड्या नाहीत. गंभीर गुन्ह्यांतील कैद्यांनी तेथे शेती केली. याच प्रयोगावरून त्याच परिसराचे सुपुत्र ग. दि. माडगूळकर यांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. चित्रपट आपण सर्वांनी पाहिला. पण सांगली जिल्ह्यातील ती वसाहत किती जणांना ठाऊक आहे? राजस्थानात जयपूरजवळ सांगानेर येथेही अशी खुली वसाहत आहे. तेथील कैदी कुटुंबासह राहतात, सकाळी शहरात कामास जातात आणि सायंकाळी हजेरीस परत येतात. तुरुंगातील वर्षे संपण्याआधीच समाजात राहण्याचा सराव व्हावा, हा त्यामागील विचार आहे.

आपल्या परंपरेत या विचारास आधार आहे काय? राजदंड आणि धर्माचे प्रायश्चित्त या दोन गोष्टी भिन्न आहेत. एक वरून लादला जातो, दुसरे मनुष्य स्वतः स्वीकारतो. या दोहोंची सरमिसळ मी करणार नाही. तरीही तत्त्वार्थसूत्रात सांगितलेले प्रायश्चित्ताचे नऊ प्रकार पाहण्यासारखे आहेत. आलोचनेपासून, म्हणजे दोष उघड सांगण्यापासून त्यांचा आरंभ होतो. दोष जसा गुरुतर तसे प्रायश्चित्तही गुरुतर. तप येते, दीक्षेचा काळ कमी करणारा छेद येतो, काही काळ संघापासून दूर ठेवणारा परिहार येतो. आणि शेवटचा प्रकार कोणता? उपस्थापना, म्हणजे पुन्हा दीक्षा देऊन स्थापित करणे. ज्या यादीत सर्वांत कठोर उपायाचे नावच ‘पुन्हा उभे करणे’ असे आहे, त्या यादीचे आपण वारस आहोत. अंजन चोर आणि रोहिणेय चोर यांच्या कथा आपण मुलांना सांगतो, त्या कथांचा अर्थ तरी दुसरा काय आहे?

माझे म्हणणे आता एकत्र मांडतो. शिक्षा असलीच पाहिजे. ती गुन्ह्याच्या मापाची असावी, लवकर व्हावी आणि टळणार नाही अशी असावी. दीर्घ कारावास मोजक्या अतिगंभीर गुन्ह्यांपुरता राखून ठेवावा, आणि त्यातही ठरावीक काळानंतर, पीडिताचे म्हणणे ऐकून, पुनर्विचार व्हावा. केवळ वर्षे वाढविणे हा संतापाचा निचरा आहे. त्याने गुन्हा रोखला जातोच असे नाही.

हे सारे शासनाने करावयाचे आहे, असे म्हणून आपण घरी जाऊ शकतो. तसे होऊ नये म्हणून दोन विनंत्या करतो. पहिली विश्वस्त मंडळास. गरीब कैद्यांच्या जामिनासाठी आणि दंडासाठी केंद्र शासनाने २०२३ साली साहाय्य योजना सुरू केली आहे. आपल्या समाजात वकील आहेत, सनदी लेखापाल आहेत. त्यांच्यापैकी चार जणांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी संपर्क साधून, केवळ पैशाअभावी अडकलेल्या कच्च्या कैद्यांचे अर्ज मार्गी लावले, तर या सुवर्णमहोत्सवाचे ते एक सार्थ स्मारक होईल. पांजरापोळात मुक्या जीवांसाठी आपण मुक्तहस्ते देतो. हाही बंधनातील जीवच आहे.

दुसरी विनंती व्यापारी बंधूंना, आणि ती अवघड आहे. शिक्षा पूर्ण भोगून आलेला मनुष्य आपल्या दुकानाच्या पायरीवर काम मागण्यास आला, तर आपण काय करणार? कारागृहांत हातमाग चालतात, सतरंज्या विणल्या जातात. तेथून बाहेर पडणाऱ्या काही जणांच्या हातात आपल्याच धंद्याची कला असते. त्यास प्रथम दिवशी गल्ल्यावर बसवा असे मी म्हणत नाही. गोदामात, गाठी बांधण्यास, देखरेखीखाली घ्या. न्यायालयाने दिलेली शिक्षा ज्या तारखेस संपते, त्या तारखेनंतर आपण बाजारपेठेने ती पुढे चालू ठेवली, तर त्या माणसास सात वर्षांची नव्हे, जन्मठेपच झाली, आणि ती देणारे न्यायाधीश आपण ठरलो. प्रत्येक पेठेतील एका तरी पेढीने अशा एका माणसास उभे करावे, एवढे मागून मी आपली रजा घेतो.

 बोलण्यात कोणाचे मन दुखावले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र.